समोरची खुर्ची

मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलं, तर अखेरच्या दुखण्यातल्या माणसाच्या खाटेच्या पायथ्याशी हल्ली एक खुर्ची मांडलेली असते. तिला समोरची खुर्ची म्हणतात. तिच्यावर कुणी बसायचं यावरून भाऊ हमरीतुमरीवर येतात, सुना रुसतात आणि नर्सबाई वैतागून पाळ्या लावून देतात. मालगावच्या एका म्हाताऱ्यानं तर सरळ सांगितलं होतं, "सगळे बाजूला सरा. मला तो पंखा बघू द्या. तेवढा एकच जण माझ्याकडं काही मागत नाही." त्याच्या डोळ्यात खरोखरच पंख्याची पाती निघाली. त्याच्या मुलांनी तेही चित्र चौकट करून भिंतीला लावलं.

ही पद्धत ज्या दृष्टिशेष केंद्रामुळे पडली, तिथं केतकी मगदूम मुख्य वाचक होती. वाचक म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्यात उरलेलं शेवटचं दृश्य यंत्रानं उतरवून घेणारी, ते कशाचं आहे हे सांगणारी, आणि खाली सही करणारी.

दर शनिवारी सकाळी एखाद्या शाळेची मुलं केंद्र बघायला येत. ते काम केतकीनं मागून घेतलं होतं. आठवडाभर गेलेल्या माणसांच्या नजरा बघितल्यावर जिवंत, चुळबुळणारे डोळे समोर असले की तिला बरं वाटे.

"भिंतीवर वर्षभर एकाच जागी कॅलेंडर टांगलं आणि मग काढलं, तर काय दिसतं?" तिनं त्या दिवशी विचारलं.

"चौकोन!"

"कसा चौकोन?"

"गडद. बाकीच्या भिंतीचा रंग उडालेला असतो."

"शाब्बास. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. त्यात जांभळट रंगाचं द्रव्य असतं. उजेड पडला की ते फिकं होतं, अंधारात पुन्हा भरून येतं. तुमच्या माझ्या डोळ्यात हे फिकं होणं आणि भरणं सारखं चालू असतं, म्हणून चित्र टिकत नाही. माणूस गेला की भरणं थांबतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जर्मनीत, हायडेलबर्गला, एका प्राध्यापकाला वाटलं, मग शेवटचं चित्र तसंच राहायला हवं. त्यानं एका सशाचं डोकं थोडा वेळ झाकून ठेवलं, मग त्याला खिडकीकडे तोंड करून धरलं, आणि मारलं. त्याचा डोळा तुरटीच्या पाण्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर खिडकी उमटलेली होती. गजांसकट."

"बिचारा ससा," मागून कुणी तरी म्हणालं.

"हो, बिचाराच. ती खिडकी तुरटीमुळे टिकली, नाहीतर थोड्या वेळात विरते. आपलं यंत्र त्याच्याही खालचा थर वाचतं. पडद्यातल्या पेशींमधून मेंदूकडे जो निरोप जातो, त्याच्या बारीक खुणा पेशींतल्या प्रथिनांवर चिकटून राहतात. डोळा लगेच झाकून थंड ठेवला तर त्या टिकतात. चित्र अगदी स्वच्छ नसतं. ओल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं."

"त्या प्राध्यापकांनी माणसाचा डोळा बघितला होता का?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

केतकीनं भिंतीवरच्या एका रेखाटनाकडे बोट केलं. "बघितला होता. १८८० साली ब्रुखझाल गावच्या तुरुंगात एका माणसाला मृत्युदंड झाला. त्यानं मोठा अपराध केला होता." काय अपराध, ते ती मुलांना सांगत नसे. त्या माणसानं पोटच्या लहान मुलांना नदीत बुडवलं होतं. "प्राध्यापक जवळच एका अंधाऱ्या खोलीत तयार होता. त्यानं डोळा उघडला, तर आत एक आकृती होती. थोड्याच वेळात ती विरली. विरण्याआधी त्यानं जी बघितली ती अशी."

रेखाटनात फार काही नव्हतं. एक फिका आकार, एका कडेला एकाखाली एक खाचा.

"पायऱ्या," मुलगी म्हणाली.

"काहींना पायऱ्या वाटतात. काहींना मान कापणारं पातं वाटलं. पण आजूबाजूच्या कुठल्याच वस्तूशी प्राध्यापकाला ते जुळवता आलं नाही."

"मग त्या माणसानं ते कुठं बघितलं?"

"ते कुणालाच माहीत नाही," केतकी म्हणाली. "माहीत नसलं की तसं सांगायचं असतं."

मुलांना बसपर्यंत पोचवून ती परत वळली, तेव्हा फाटकाशी एक बाई उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात एसटीचं तिकीट चुरगळलेलं.

"तुमीच मगदूम म्याडम का? मी सुरेखा. संपत ऐवळ्याची बायको."

नाव ऐकल्यावर केतकीला सगळं आठवलं. कृष्णाकाठच्या एका खेड्यात कृष्णाबाई ऐवळे नावाची विधवा सकाळी घरात मरून पडलेली सापडली होती. डोक्यात घाव होता, गळ्यातली बोरमाळ गेली होती. कडाक्याच्या थंडीमुळे डोळ्यातल्या खुणा तेवढ्या टिकल्या होत्या. पोलिसांनी गावातल्या आणि घरातल्या माणसांचे फोटो केंद्राकडे दिले. म्हातारीच्या डोळ्यातला चेहरा धाकट्या मुलाशी, संपतशी, जुळला. केतकीनं सही केली. संपत ट्रक चालवायचा. त्या रात्री मी माल घेऊन चिपळूणच्या घाटात होतो असं तो सांगत राहिला. साक्षीला त्याच्या गाडीवरचा क्लीनर होता, पण चित्रापुढं क्लीनरचं कोण ऐकतो? बोरमाळेचा शोधही मग कुणी घेतला नाही. सत्र न्यायालयानं फाशी दिली. आता पुढच्या महिन्यात कोल्हापूरला उच्च न्यायालयात ती कायम व्हायची होती.

"सुरेखाताई, मी तुमच्याशी या खटल्याबद्दल बोलणं बरं नाही."

"नगा बोलू. मी बोलते, तुमी ऐका. माझी सासू धाकट्यावर जीव टाकून होती. हे गाडीवर गेलं की दारात बसून राहायची. जेवायची न्हाई. मी म्हणायची, आत्ती, तुमचा लेक लढाईवर गेलाय का चिपळूणला? तर मलाच शिव्या द्यायची." सुरेखा हसल्यासारखं करून थांबली. "तसल्या बाईच्या डोळ्यात मरताना लेक न्हाई निघायचा तर काय तुमी निघणार?"

"डोळ्यात मनातलं उमटत नाही," केतकी शक्य तितक्या हळू म्हणाली. "समोरचं उमटतं."

"कुणी बघितलंय?"

माहीत नसलं की तसं सांगायचं असतं, हे थोड्या वेळापूर्वी एका मुलीला आपणच ऐकवल्याचं केतकीला आठवलं.

त्या दुपारी तिनं टेबलाच्या खणातून एक चित्र काढलं. तिच्या आईचं. म्हणजे आईच्या डोळ्यात निघालेलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा केतकी हायडेलबर्गहून परत यायला विमानात होती. समोरच्या खुर्चीवर धाकटा भाऊ सन्मती होता. त्यानंच आईचं सगळं केलं होतं; तिला उचलून अंघोळ घालण्यापासून ते भरवण्यापर्यंत. केंद्राचे प्रमुख डॉ. उपाध्ये यांनी स्वतः चित्र उतरवलं, आणि त्यात निघाली केतकी.

त्यात चमत्कार काही नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. आईच्या खाटेशेजारी स्टुलावर केतकीचा पदवीदानाचा फोटो चौकटीत ठेवलेला असायचा. शेवटच्या क्षणी आईची मान तिकडं वळली असणार. सन्मती काही बोलला नाही. तेराव्यानंतर त्यानं बहिणीला फोन करणं बंद केलं. तिनं केले तर "हं", "बरं", "बघू" एवढंच.

केतकीनं चित्र उजेडाकडे धरलं. हे तिनं शंभरदा पाहिलं होतं, पण दर वेळी मुलगी म्हणून. आज तिनं ते वाचक म्हणून पाहिलं. पदवीदानाच्या फोटोत तिच्या डोक्यावर ती काळी चौकोनी टोपी होती. चेहऱ्याच्या वर रुंद काळा पट्टा दिसायला हवा होता. चित्रात कपाळावर मधोमध भांग होता, आणि दोन्ही बाजूंना कानांवरून आलेल्या जाड वेण्या. शाळेत असताना आई घालून द्यायची तशा.

तिनं चित्र पालथं ठेवलं.

सन्मतीचं बेदाण्याचं शेड मिरजेच्या पूर्वेला, माळावर होतं. हिरव्या जाळीच्या आडोशाला रॅकवर रॅक, आणि त्यावर पसरलेली द्राक्षं वाळून तपकिरी व्हायला लागलेली. सन्मती खालच्या रॅकवरून हात फिरवत काड्या वेचत होता. बहिणीला बघून तो उठला नाही.

त्याची बायको पद्मजा मात्र पुढं आली. "वन्सं, वाट चुकला का?" तिनं विचारलं. "चहा ठेवू, की नुसती चौकशी करून जाणार?"

"ठेव," केतकी म्हणाली. "दोन्ही करणार आहे."

पद्मजा आत गेली. केतकी भावाशेजारी उकिडवी बसली आणि तीही काड्या वेचू लागली.

"सन्मती, आई गेली तेव्हा माझा फोटो तिथं होता का?"

त्याचा हात थांबला नाही. "काय काढलंस आता?"

"होता का?"

"नव्हता." त्यानं एक काडी जाळीबाहेर टाकली. "आदल्या दिवशी नर्सचा धक्का लागून काच तडकली. लक्ष्मी मार्केटात चौकट बदलायला टाकला होता मी. तिसऱ्या दिवशी आणला."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" आता तो तिच्याकडे बघत होता. "मी समोर बसलोय. हात हातात आहे. णमोकार म्हणतोय. ती डोळे उघडून माझ्याकडंच बघतीय, आक्का, मला वाटतंय माझ्याकडंच बघतीय. आणि निघालीस तू. लोक म्हणाले, फोटोकडं मान वळली असंल. मी म्हटलं, असंल. मान वळली म्हणजे नुसती मान वळली. फोटो नव्हता म्हटलं असतं तर मग काय उरत होतं? ती माझ्या आरपार बघत होती, एवढंच की."

पद्मजा चहा घेऊन आली, दोघांची तोंडं बघून कप रॅकच्या कडेवर ठेवून मागं फिरली.

केतकीनं त्याला संपत ऐवळ्याची गोष्ट सांगितली.

"म्हणजे हे मी कोर्टात सांगायचं," तो शेवटी म्हणाला. "चार लोकांत. की माझ्या आईच्या डोळ्यात मी नव्हतो."

"फोटो नव्हता, एवढंच सांगायचं."

"एकच की ते."

"आधी मला खात्री करू दे," केतकी म्हणाली. "माझंच चुकलेलं असू दे असं मला वाटतंय."

खात्री करायची रीत साधी होती, इतकी की ती आजवर कुणाला सुचली नाही याचीच तिला लाज वाटली. केंद्रात पहिल्या दिवसापासून एक नियम होता: अंध माणसाचे डोळे घ्यायचे नाहीत. ज्यानं काही पाहिलंच नाही, त्याच्या डोळ्यात काय उरणार? हजारो डोळे वाचले गेले, पण ज्या डोळ्यात चित्र नसायलाच हवं असा एकही नाही.

डॉ. उपाध्ये सत्तरी ओलांडलेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. तिचं म्हणणं त्यांनी चष्मा पुसत ऐकलं.

"आंधळ्याचा डोळा वाचायचा? लोक हसतील, केतकी."

"हसू देत, सर. तो कोरा निघाला तर मी गप्प बसेन."

"पण मनातलं चित्र डोळ्यात येणार कुठल्या वाटेनं?"

"वाट आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे तंतू लाखो आहेत. पण थोडेसे उलटेही आहेत, मेंदूकडून डोळ्याकडे येणारे. ते आहेत हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कशासाठी आहेत, ते नीट कळलेलं नाही. एरवी बाहेरचा उजेड एवढा असतो की त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. भरल्या बाजारात कुणी कुजबुजावं तसं. पण मरताना बाजार उठतो, सर."

उपाध्ये अजून चष्माच पुसत होते. मग म्हणाले, "एकच डोळा. आणि गाजावाजा नको."

येसबा कदम नावाचा म्हातारा आठवड्याभरानं गेला. तरुणपणी चुन्याच्या भट्टीवर काम करताना उकळता चुना तोंडावर उडून त्याची दोन्ही बुबुळं पांढरी झाली होती. दिवस आहे की रात्र, एवढंच त्याला कळे. मागचे पडदे मात्र शाबूत होते. जाण्याआधी त्यानं स्वतः अंगठा दिला होता. "घ्या की," तो म्हणाला होता. "मला तरी त्यांचा काय उपयोग झाला?"

यंत्र चालू झालं तेव्हा उपाध्ये केतकीच्या मागं उभे होते. पडद्यावर आधी नुसता करडा रंग आला, आणि तो तसाच राहील असं दोघांनाही क्षणभर वाटलं. मग करड्यातून काहीतरी पांढरं वर आलं. लांबट. त्याच्या दोन्ही बाजूंनी वर जाऊन आत वळलेल्या दोन कमानी.

येसबाची मुलगी बाहेर बसली होती. तिला आत बोलावलं. तिनं चित्राकडे पाहिलं, आणि पटकन पदर तोंडाला लावला.

"हरण्या," ती म्हणाली. "आमचा बैल. मी परकरात असताना मेला. माझ्या बापानं डोळे जायच्या आधी त्याला पाळला होता."

ती गेल्यावर उपाध्ये खुर्चीत बसले. "बुबुळ नीट तपासलंस?"

"तीनदा."

"हं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "परवा एक बाई आली होती. मुलगा अपघातात गेलेला. त्याच्या डोळ्यात ती निघाली होती. चित्र देव्हाऱ्यात ठेवलंय म्हणाली. अशी किती घरं आहेत, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. त्यातल्या कित्येकांनी खरंच समोरचं बघितलं असेल. मालगावच्या आजोबांनी पंखाच बघितला असेल. पण कुठलं चित्र बाहेरचं आणि कुठलं आतलं, ते आपल्याला ओळखता येत नाही. मला तेवढंच सांगायचंय. सर, एक माणूस फासावर जाणार आहे."

"तू सांगितलंस तर इथं कुलूप लागेल."

"हो."

त्यांनी तिला थांबवलं नाही. बाहेर पडताना केतकीला त्या रेखाटनासमोरून जावं लागलं, आणि पहिल्यांदाच ते नजरेआड करावंसं वाटलं. ब्रुखझालच्या त्या माणसाला शेवटी काय दिसलं असेल, याचा तिनं आजवर कोडं म्हणून विचार केला होता. आता तिला पाणी दिसत होतं. काठावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दिसत होत्या, आणि त्या उतरणारी लहान पावलं. तसं काही असेलच असं नाही. तरीही पुढचे कित्येक दिवस आंघोळीला पाणी ओतताना तिचे डोळे आपोआप मिटायचे.

कोल्हापूरच्या न्यायालयात त्या दिवशी गर्दी होती. केंद्राच्या मुख्य वाचकानं स्वतःच्याच सहीविरुद्ध साक्ष द्यायची, हे कुणी पाहिलं नव्हतं. केतकीनं शाळेतल्या मुलांना सांगते तसंच सांगितलं. भिंत, कॅलेंडर, ससा, येसबाचा बैल. न्यायाधीशांनी दोनदा थांबवून विचारलं, तिनं दोनदा पुन्हा सांगितलं.

सरकारी वकील उठले. "म्हणजे पहिल्या वेळी तुम्ही खोटी सही केलीत?"

"नाही. चेहरा संपतचा होता, आजही आहे. तो तिच्यासमोर होता असं मी लिहिलं. ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं समजून मी लिहिलं."

"आणि हा बैल म्हणजे यंत्राचा बिघाड असेल तर?"

"म्हणून दुसरा साक्षीदार आहे," केतकी म्हणाली.

सन्मती पांढरा सदरा घालून आला होता. त्यानं फोटोचं, काचेचं, चौकटवाल्याचं सांगितलं. आवाज सपाट होता, जणू तो बेदाण्याचा भाव सांगत होता.

वकिलांनी विचारलं, "तुमच्या आईला तुमच्यापेक्षा बहीण जवळची होती, असं तुम्हाला न्यायालयाला सांगायचं आहे का?"

न्यायालयात कुणी तरी हसलं. सन्मतीनं कठड्यावरचे हात उचलले, पुन्हा ठेवले.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "खोलीत फोटो नव्हता. एवढंच."

निकाल यायला काही आठवडे लागले. दृष्टिशेष हा पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. तो बाजूला केल्यावर संपतविरुद्ध जे उरलं ते फाशीला काय, शिक्षेलाच पुरेसं नव्हतं. बोरमाळेचा तपास नव्यानं करायचा हुकूम झाला. केंद्राला त्याच दुपारी कुलूप लागलं. उपाध्यांनी ते स्वतः लावलं.

निकालाला केतकी आणि सन्मती एकाच गाडीनं आली होती. सुटकेची कागदपत्रं होऊन संपत बाहेर आला तेव्हा ती दोघं आवारात उभी होती. उंच, रापलेला माणूस, खांदे पुढं पडलेले. सुरेखा त्याचा दंड धरून चालत होती. केतकीपाशी आल्यावर तिनं हात जोडले. संपतनं जोडले नाहीत. तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

"म्याडम," तो म्हणाला, "एक विचारायचं व्हतं."

"विचारा."

"मी तिथं नव्हतो, हे तुमी सांगितलं. बरं झालं. पण मग चित्र मनातनं आलं म्हणालात. म्हंजे आई मला बोलवत होती."

सुरेखानं त्याचा दंड ओढला. "चला की आता."

"थांब." त्यानं केतकीवरची नजर काढली नाही. "मी घाटात होतो. गाडीत गाणी लावलेली. ती मला बोलवत होती. किती वेळ?"

या प्रश्नाचं उत्तर होतं. मेंदूनं एकच चित्र जितका वेळ लावून धरलं असेल, तितका खुणांचा थरावर थर चढतो आणि ठसा गडद होतो. कृष्णाबाईचा ठसा केतकीनं खटल्यासाठी पुन्हा तपासला होता. न्यायालयात त्याच्या गडदपणाबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं. केंद्रात आजवर वाचलेल्या सगळ्या ठशांत तो सर्वांत काळा होता. घाव बसल्यावर ती बाई लगेच गेली नव्हती. जमिनीवर पडून, डोळे उघडे ठेवून, ती मुलाची वाट बघत राहिली होती.

"क्षणभर," केतकी म्हणाली. "पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तुम्ही आठवलात, आणि संपलं."

संपत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, धुक्यातलं वळण जोखावं तसा. मग त्यानं मान हलवली. सुरेखा त्याला फाटकाकडे घेऊन गेली. ती काही तरी सांगत होती, तो ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं.

सन्मतीनं गाडी हातकणंगल्यापर्यंत आणली.

"खरं किती वेळ होता?" त्यानं विचारलं.

"बराच."

त्यानं समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली. उसाची कांडी टपावर आदळून खाली गेली.

"आईचा ठसा मोजलास?"

"नाही."

"दुसरा डोळा आहे ना अजून तुमच्याकडं? गारठ्यात ठेवलेला?"

"आहे."

"मोजू नको, आक्का."

"नाही मोजणार," केतकी म्हणाली. हे खरं, की तिनं मघाशी संपतला सांगितलं तसलं, ते सन्मतीनं विचारलं नाही.